ट्रॉम्बोनवाल्याने नोकरी का धरली?

नमस्कार मंडळी! मागून हॉर्न ऐकू येतील, सात रस्त्याला राहतो, इलाज नाही.

हातात सायकलचा पंप बघून हसू नका. वरातीच्या बँडमधे लांब नळी पुढंमागं सरकवणारा एखादा दिसतो बघा, त्या वाद्याला ट्रॉम्बोन म्हणतात, आणि आज त्यातला उस्ताद, जे. जे. जॉन्सन. जन्म 22 जानेवारी 1924, अमेरिकेतलं इंडियानापोलिस.

आता ट्रम्पेटला तीन बटणं असतात, दाबली की झालं. ह्या नळीवर सात जागा, खूण एकही नाही, सगळा भरवसा कानावर. त्यात गंमत अशी की शेजारशेजारचे दोन सूर, पण कधी एक असतो पहिल्या जागेवर, असा, आणि दुसरा पार सातव्या, हात पूर्ण लांब! आणि जिभेनं सूर नीट तोडला नाही तर मधे मींड येते, म्हणजे जलद वाजवायला गेलं की सगळा विचका.

अन 1940 च्या दशकात चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी ही जॅझवाली मंडळी बिबॉप वाजवायला लागली, म्हणजे जॅझचाच एक नवा प्रकार, सुसाट वेग. ट्रॉम्बोनचं काय काम तिथं? जे. जे. आधी बेनी कार्टर, मग 1945 ला काउंट बेसीच्या बँडमधे होता, त्यानं ह्याच नळीवर तो वेग आणला, एकेक सूर सुटा, स्वच्छ. रेकॉर्ड ऐकून लोकांना वाटायचं हा बटणवाला ट्रॉम्बोन वाजवतोय. माझ्या मित्राला सांगितलं ही सरकवायची नळीच आहे, तर म्हणाला, "काय बे, खोटं सांगतो का?"

एवढं नाव झालं, तरी 1952 ला पठ्ठ्या कारखान्यात ब्लूप्रिंट तपासायला बसला! पोटापाण्याचं बघायला लागतंच की, आपल्याकडं लग्नसराई संपली की बँडवाले दुसरं काम धरतात, तसंच. मला तर हा भाग सगळ्यात जवळचा वाटतो. दोनेक वर्षं तेच केलं, मग 1954 ला 'काय विंडिंग' (Kai Winding) नावाच्या दुसऱ्या ट्रॉम्बोनवाल्याबरोबर जोडी जमवली. बँडच्या पुढच्या रांगेत फक्त दोन ट्रॉम्बोन, ट्रम्पेट नाही, सॅक्सोफोन नाही, आणि हीच जोडी जोरात चालली. 1970 ला लॉस एंजेलिसला जाऊन सिनेमा-टीव्हीचं संगीत केलं, नंतर परत वाजवायला लागला, 2001 ला गेला.

जोडीची रेकॉर्ड मिळाली तर हेडफोन लावून ऐका, कोण कुठला ते ओळखायचा खेळ चांगला रंगतो. चला, खालून बाबा ओरडायलेत, पंप द्यायचाय.