मनोआलाइड : त्वचेपाशी अडलेलं औषध

स्पंज हा प्राणी आहे, वनस्पती नव्हे, एवढं आधी सांगून टाकतो. म्हणजे पुढे घोटाळा नको. त्याला पोट नाही, मेंदू नाही. खडकाला चिकटून बसायचं, अंगावरच्या छिद्रांतून पाणी आत ओढायचं आणि त्यातले जिवाणू गाळून खायचे, एवढाच उद्योग. माशाने लचका तोडायला घेतला तर पळता येत नाही. मग बचाव कशाने करायचा? पुष्कळ स्पंज तो रसायनांनी करतात. यातली काही रसायनं स्पंज स्वतः बनवतो, काही त्याच्या अंगात मुक्कामाला असलेले सूक्ष्मजीव. कोण काय बनवतं हे शोधण्यात लोकांची उमेदीची वर्षं गेली आहेत.

आज बोलायचंय ते एकाच रसायनाबद्दल, मनोआलाइडबद्दल. १९८० साली हवाई विद्यापीठात दिलीप डी सिल्वा आणि पॉल श्युअर यांनी ‘लुफारिएला व्हेरिॲबिलिस’ या स्पंजातून ते वेगळं काढलं. स्पंज होता प्रशांत महासागरातल्या पलाऊचा. त्यांच्या नजरेत भरला तो त्याचा जिवाणू मारण्याचा गुण. सूज उतरवण्याचा गुण पुढे कॅलिफोर्नियात रॉबर्ट जेकब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासला.

आता सूज येते कशी? पेशीच्या आवरणातल्या स्निग्ध रेणूंमधून ॲराकिडॉनिक आम्ल सुटं होतं. त्यापासून प्रोस्टाग्लँडिन तयार होतात आणि ठणका, लाली, सूज सुरू होते. ॲस्पिरिन अडवतं ते प्रोस्टाग्लँडिन तयार होणं. हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, १९८२ मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. पण त्याच्या आधीचं काम, म्हणजे ते आम्ल सुटं करणं, दुसऱ्याच एन्झाइमचं : फॉस्फोलायपेज ए-टू. ही कात्रीच समजा. मनोआलाइड या कात्रीतल्या लायसिन नावाच्या अमिनो आम्लाशी पक्का बंध जोडतं. मग ती कात्री चालत नाही, आणि मनोआलाइड धुऊनही निघत नाही. त्या काळी या एन्झाइमचा अभ्यास करणाऱ्यांना असा पदार्थ हाती लागणं म्हणजे पर्वणीच होती.

साहजिकच ॲलर्गन कंपनीने त्यात रस घेतला. सोरायसिसवर लावायचं औषध म्हणून माणसांवर चाचण्या सुरू झाल्या आणि थांबल्या. कारण साधं होतं : लावलेलं औषध त्वचेतून पुरेसं आत जाईना. माझं मत विचाराल तर, आत गेलं असतं तरी पुढे अडचणच होती. लायसिन शरीरातल्या बहुतेक सगळ्या प्रथिनांत असतं. त्याला चिकटायला उत्सुक असलेला रेणू एका जागी थांबेल कशाला? त्यातच १९९०च्या सुमारास पेशीच्या आतलं आणखी एक फॉस्फोलायपेज हाती आलं आणि ॲराकिडॉनिक आम्ल सोडण्याचं मोठं काम त्याचं निघालं. मनोआलाइड आज प्रयोगशाळेला लागणारं रसायन म्हणून विकत मिळतं, औषध म्हणून नाही.

एक गोष्ट मात्र राहिली. हे प्रयोग सुरुवातीला झाले ते नागाच्या आणि मधमाशीच्या विषातल्या एन्झाइमवर, कारण त्या विषांत ते भरपूर असतं. आणि हेच एन्झाइम रोखायला पुढे वारेस्प्लाडिब नावाचं औषध बनवलं गेलं. त्याचा स्पंजाशी संबंध नाही, ते कृत्रिम आहे. हृदयविकारावर ते फसलं. मग सर्पदंशावर त्याच्या गोळ्यांची चाचणी झाली, अमेरिकेत आणि आपल्याकडे भारतातही. ठरवलेली मुख्य कसोटी तिथेही पार झाली नाही, पण दंशानंतर पहिल्या पाच तासांत गोळी मिळालेल्यांत फायद्याची चिन्हं दिसली. गावापासून तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत जायला किती वेळ लागतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या पाच तासांचं मोल मी वेगळं सांगायला नको. तूर्त उपाय एकच, रुग्णालयात मिळणारं सर्पविषावरचं प्रतिविष. गोळी आली तरी ती रुग्णालयाच्या वाटेवर घ्यायची.