रविवारच्या रश्श्यात मटकी

नमस्कार नाशिककर मंडळी! आज रविवार, म्हणजे अर्ध्या घरांत कांदा-खोबरं भाजायला लागलं असणार आणि मी नेमका आजच बोलतोय मटण कमी खाण्यावर, लगेच रेडिओ बंद करू नका.

न खाण्याची सवय आपल्याला नवीन नाहीये. श्रावण आहे, सोमवार-गुरुवार-शनिवार आहे, त्र्यंबकला निवृत्तीनाथांच्या दारी जाऊन गळ्यात माळ घातली की तर विषयच संपला. आमच्या काकांनी माळ घातली तेव्हा काकूनं मागच्या पत्र्याखाली वेगळी चूल मांडली, पोरांचं मटण तिकडं अन काकांची डाळ इकडं, अजून तसंच चालू आहे.

पण सगळ्यांना सरसकट 'कमी करा' कसं सांगणार? पेठ-सुरगाण्याकडं पावसाळ्यात ओहोळातले खेकडे नागलीच्या भाकरीसोबत खाणाऱ्याला काय सांगणार, किंवा ज्याच्याकडं मटण सणालाच शिजतं त्याला? कमी करायचं ते आपण, कॉलेज रोड-गंगापूर रोडवाल्यांनी, ज्यांच्याकडं बुधवारी बिर्याणी, शुक्रवारी तंदुरी, आणि रविवार तर हक्काचाच.

त्यातही ताट कोणाचं ते बघा हां. पीस आधी बाप्यांना, मग पोरांना, आई शेवटी बसते तोवर पातेल्यात रस्सा न एखादी नळी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला, तेव्हा कपात आईच्या वाटीतून नको, आपल्या ताटातून करा.

आता करायचं कसं, तर वाटण बदलू नका. तोच काळा मसाला, तीच तर्री, फक्त किलोऐवजी अर्धा किलो मटण आणि बाकी मोड आलेली मटकी. मिसळीच्या गावात मटकीची ओळख मी काय करून देऊ! सुक्या मटकीत 100 ग्रॅममागं 20 ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं. तिच्यातलं लोह अंगी लागायला वर लिंबू पिळा, आणि जेवल्या जेवल्या चहा नको, तो लोह अडवतो (हे आमच्याकडं कोणी ऐकत नाही). शिवाय बोकड रवंथ करतो, त्यातून मिथेन, म्हणजे हवामान तापवणारा वायू, बाहेर पडतो, कोंबडीचं तसं नाही.

पहिल्या रविवारी आमचे वडील पळीनं पातेल्याचा तळ शोधत होते, एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या रविवारी म्हणाले, मटकी जरा जास्त शिजली आज.