पट्टूचं पाणी

(काळोख. टॉर्चचा झोत. उजेडात एक चपटी, तपकिरी पिशवी.)

ही पिशवी तळहातावर मावेल एवढी. चामड्यासारखी चिवट, बाहेरून मळकट. पण मागून टॉर्च धरला की आतलं घर दिसतं. तो पिवळा गोळा म्हणजे बलक. आणि त्याला दोरीनं बांधल्यासारखं जे वळवळतंय, ते शार्कचं पिल्लू. शेपूट एक क्षण थांबत नाही. पिशवीच्या कडेला आता बारीक फटी पडल्यात. शेपटी हलवून हलवून ते बाहेरचं ताजं पाणी आत ओढतंय.

बांबू शार्क. अंड्यातून पिल्लू बाहेर यायला साधारण ४ ते ५ महिने लागतात. पाणी उबदार असेल तर जरा लवकर.

आता नीट बघा. टाकीतला मोठा मासा जवळून गेला आणि वळवळ थांबली. कल्ल्यांची हालचालसुद्धा. हा योगायोग नसावा. २०१३ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी याच जातीच्या अंड्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. शिकारी जवळ आल्यावर पाण्यात जशी क्षीण वीज पसरते, तशी वीज त्यांनी अंड्यांभोवती सोडली, आणि आतली पिल्लं श्वास रोखून गप्प झाली. जन्माआधीच हे शहाणपण!

(टाकी. वाळूवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं पिल्लू.)

हा पट्टू. बाहेर आला तेव्हा १६ सेंटिमीटर, आज तीन महिन्यांचा. नाव कशावरून पडलं ते सांगायला नको.

पोटाखालच्या परांजवळ दोन बारीक काड्या दिसतात, म्हणजे हा नर. डोळ्यामागचं ते छिद्र उघडतंय, मिटतंय. त्यातून पाणी आत घ्यायचं आणि कल्ल्यांतून सोडायचं. शार्क थांबला की मेला, असं आपण ऐकत आलोय. पट्टूला ते लागू नाही. दिवसाचे दहा-दहा तास तो दगडाखाली नुसता पडून असतो. म्हणून तर तो घरच्या टाकीत राहू शकतो. (गोड्या पाण्यातले जे ‘शार्क’ विकायला असतात, ते शार्क नव्हेतच. नुसता आकाराचा भास.)

(परीक्षानळी. थेंब पडतो. रंग.)

पट्टू ज्यांच्या घरी वाढतोय, त्या ताईंना विचारलं, शार्क कसा सांभाळता? त्या म्हणाल्या, “शार्क नाही हो, मी पाणी सांभाळते.”

पट्टू येण्याआधी ही टाकी सहा आठवडे रिकामी चालवली. म्हणजे दिसायला रिकामी. फिल्टरमध्ये जिवाणूंची वस्ती वसत होती. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया येतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन विषं. तिसरं सौम्य, पण साठलं की त्रास देतं. नळी पिवळी राहिली म्हणजे या किटच्या हिशेबानं अमोनिया शून्य. हिरवट झाक आली तर ताईंचा त्या दिवसाचा बेत रद्द, बादल्या बाहेर.

बादलीतलं मीठ स्वयंपाकाचं नाही, मत्स्यालयासाठी बनवलेलं समुद्री मीठ आहे. ते गाळलेल्या पाण्यात रात्रभर पंप लावून घुसळायचं. सकाळी रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे खारटपणा मोजायच्या नळीच्या, काचेवर एक थेंब टाकून डोळा लावायचा. रेघ १.०२५ वर हवी, म्हणजे खारटपणा समुद्राएवढा. शार्क रक्तात युरिया साठवून ठेवतो, त्याच्या जोरावर शरीर समुद्राच्या खारटपणाशी जुळतं. खारटपणा अचानक वरखाली झाला की सगळी घडी विस्कटते. म्हणून इतर माशांना आजारात गोड्या पाण्यात बुडवून काढतात, ते पट्टूला कधी नाही. आणि माशांच्या औषधात तांबं असेल तर ती बाटली या टाकीजवळसुद्धा नको. शार्कला ते मारक आहे.

वाळू बघा किती बारीक आहे. पोट घासत फिरणाऱ्या प्राण्याला टोकदार खडी बोचते. दगड वाळूवर रचलेले नाहीत, थेट काचेवर बसवलेत. पट्टू उकरतो; वाळू सरकली की दगड अंगावर. हीटरला जाळी आहे, कारण गरम वस्तूला टेकून झोपायची याला खोड. पंपाच्या तोंडाला स्पंज. वर झाकण, कारण हा प्राणी उडी मारतो.

(बांबूचा चिमटा. टोकाला पांढरा तुकडा.)

आता जेवण. इथे घाई नाही, म्हणून आम्हीही हे दृश्य कापलेलं नाही.

पहिले काही दिवस पट्टूनं तोंडच उघडलं नव्हतं. पोटात बलक शिल्लक असतो, तोवर भूक नसते. मग एक दिवस कोळंबीचा शेंगदाण्याएवढा तुकडा त्यानं घेतला, थुंकला, पुन्हा घेतला. ताईंनी वहीत लिहिलंय: ‘अर्धा खाल्ला.’ खाली दोन रेघा.

आज माकूळ आहे. चिमटा बांबूचा का? खाऱ्या पाण्यात धातू बुडाला की त्याभोवती बारीकशी वीज तयार होते. पट्टूच्या नाकाडावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं आहेत, त्यांना ती लगेच कळते. वाळूत दडलेला खेकडा शोधायचं हेच साधन. याच कारणानं टाकीच्या विजेला अर्थिंग आहे. गळकी वीज आपल्याला कळणार नाही, पण त्याला चोवीस तास जाणवेल.

तुकडा नाकासमोर. मिशा हलल्या. डोळ्यांनी नाही, वासानं शोधतोय. डावीकडे चुकला. पुन्हा. आता तोंडाखाली... आणि गेला! चावा नाही घेतला, ओढूनच घेतला.

त्या तुकड्याच्या पोटात जीवनसत्त्वांच्या गोळीचा चुरा होता. गोठवलेल्या मासळीत ब१ जीवनसत्त्व कमी पडतं, आणि आयोडीन कमी पडलं तर शार्कलाही गलगंड होतो. हनुवटीखाली सूज. साठलेलं नायट्रेट त्यात भर घालतं. म्हणजे फिरून पुन्हा पाण्यावरच आलो. पडलेला तुकडा ताई लगेच उचलतात, दहा मिनिटांत.

(काचेवर मार्करच्या रेघा.)

प्रत्येक रेघ एका महिन्याची. शेवटची २३ सेंटिमीटरवर.

पूर्ण वाढ झाली की पट्टू मीटरभराचा होईल. तेव्हा त्याला हजार लिटरहून मोठी, ऐसपैस तळाची टाकी लागेल. ती आधी ठरवूनच पिल्लू आणायचं असतं, कारण सार्वजनिक मत्स्यालयं घरचे शार्क सहसा परत घेत नाहीत. ताईंची मोठी टाकी बाजूच्या खोलीत पाणी धरून उभी आहे.

(रात्र. मंद लाल दिवा.)

दिवसभर पडून असलेला पट्टू आता कामाला लागलाय. हा पोहत नाही, चालतोय. पुढचे पर टेकवून, मागचे ढकलून, दगडाच्या कडेनं. मागच्या महिन्यातल्या चित्रणाशी ताडून पाहिलं तर शेपटीकडचे दोन पट्टे फिके झालेत. मोठेपणी तो साधा तपकिरी होणार. नाव मात्र तेच ठेवायचं ठरलंय.