काळी दोनची पट्टी

मंडळी, मघाशी माझी ओळख करून देताना ‘संवादिनीवादक’ असा शब्द आला. काकू समोर असत्या तर पदर तोंडाला लावून हसल्या असत्या. त्यांच्या लेखी ती पेटीच. आणि मी वादक वगैरे कोणी नाही. आयुष्यभर बँकेत खर्डेघाशी केली आणि गुरुवारी तुमच्यात बसून पेटी वाजवली, तीही काकू आजारी असतील त्या गुरुवारी. त्यांना जाऊन वर्ष झालं म्हणून भजनी मंडळानं उभं केलंय. चुकलं तर सांभाळून घ्या.

काकू लग्न होऊन आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात आल्या 1955 साली. माहेर साताऱ्याकडचं. भांड्याकुंड्यांबरोबर पेटी आणली होती. आमच्या आजीनं, म्हणजे त्यांच्या सासूबाईंनी, ती पहिल्याच आठवड्यात माळ्यावर टाकायला लावली. घरंदाज सुनेनं पेटी वाजवायची नाही, एवढंच कारण. काकू एक शब्द बोलल्या नाहीत. तीन वर्षं पेटी माळ्यावर, लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांशेजारी.

मग आजीला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. पाणी हवंय की कूस बदलायचीय, काही सांगता येईना. चिडून रडायची. एकदा एकादशीला काकू तिच्या उशाशी बसून अभंग गुणगुणत होत्या, तर आजीच्या तोंडून पुढचा शब्द आला. बोलायला गेली की नुसते हुंकार, पण चालीत घातलं की शब्द येत. असं होतं, हे मला पुढे एका डॉक्टरांनी समजावून सांगितलं. तेव्हा वाड्याला तो चमत्कारच वाटला. काकूंना मात्र त्यात चमत्कार दिसला नाही, काम दिसलं. त्यांनी काकांना शिडी लावायला सांगितली आणि पेटी खाली आली.

रोज सकाळी अर्धा तास. आजी एक शब्द म्हणायची आणि थांबायची. पुढचा शब्द कधी लगेच येई, कधी चार श्वासांनी. काकू भाता हलकेच चालू ठेवून नुसता षड्ज, म्हणजे ‘सा’, धरून बसत. शब्द आला की त्याच्या पाठोपाठ सूर. आधी नाही. मी तेव्हा चार-पाच वर्षांचा, भात्याच्या हलण्यानं येणारा वारा गालावर घेत बसायचो. नऊ वर्षं आजीनं तशी काढली.

आता पानशेत. तुमच्यापैकी पन्नाशीच्या आतल्यांना ती गोष्ट ऐकूनच माहीत. 12 जुलै 1961. सकाळी धरण फुटलं, मग खडकवासला. आमचा वाडा नदीच्या अंगाला. ‘पळा’ म्हणत कोणीतरी बोळातून गेला. आजीला आरामखुर्चीत बसवून पुढून काका, मागून काकू, असे निघाले पर्वतीच्या दिशेनं. काकूंची पाळण्यातली मुलगी माझ्या आईच्या कडेवर. पेटी आजीच्या खाटेखाली राहिली. पुढे कोणी विचारलं की काकू सांगायच्या, “दोन हातांत एकच मावत होतं. सासूबाई उचलल्या.”

पाणी ओसरल्यावर पेटी चिखलात उलटी सापडली. भात्याचं कातडं सुटलेलं, आतल्या पितळी सुरांवर गाळ. शहराचे नळ कोरडे पडले होते, कारण खडकवासल्याचं पाणीच गेलं होतं. प्यायच्या पाण्याची मारामार, पेटी कोण धुणार! दोन महिन्यांनी एका कारागिरानं ती दुरुस्त केली. सगळे सूर सरळ झाले, फक्त एक पट्टी कायमची अडली. काळी दोन, म्हणजे सप्तकातली दुसरी काळी पट्टी. दाबली की दबून बसायची, बोट उचललं तरी सूर मागे रेंगाळायचा. काकू काळी चारमध्ये वाजवायच्या. जाणकारांच्या लक्षात आलं असेल, काळी चारला षड्ज धरला की पंचम, म्हणजे ‘प’, नेमका काळी दोनवर येतो. मग त्या अंगठ्याच्या नखानं पट्टी खालून उचलायच्या, दर वेळी, इतक्या झटकन की समोरच्याला कळायचं नाही. त्या नखाला कायम एक चीर असायची. “पानशेतनं मला मालकंस शिकवला” असं म्हणायच्या. मालकंस रागात पंचम नसतो ना!

नवी पेटी का घेतली नाही, हे मी विचारलं होतं. “हिची खोड मला माहितीये” एवढंच उत्तर.

रेडिओवर पेटीला बंदी होती, हे आज सांगितलं तर मुलं विश्वास ठेवत नाहीत. 1940 पासून 1971 पर्यंत आकाशवाणीच्या गाण्याला पेटीची साथ चालत नसे. पेटीचे सूर ठरीव, तिच्यावर मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, निघत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक भेद, मिळत नाहीत, असा आक्षेप होता. मला वाटायचं काकूंना राग येईल. तर त्या म्हणाल्या, “बरोबरच आहे की त्यांचं. पेटीचा सूर ढोबळ. म्हणून तिनं गाणाऱ्याच्या मागं राहायचं. गळा जिथं जातो तिथं तिला जाता येत नाही, हे तिला माहीत हवं.” मी फार मोठ्या वादकांची साथ ऐकली आहे, पण साथीबद्दल याहून नेमकं बोललेलं ऐकलं नाही.

ससून रुग्णालयात त्या जायला लागल्या आजी गेल्यानंतर. मंगळवार आणि शनिवार. तुमच्यातल्या काही जणी डब्यांना मदत करायच्या, त्यांना ठाऊक आहे. पण डबा हे निमित्त. काकू रुग्णांकडे फारशा जात नसत, त्यांच्या नातेवाइकांकडे जात. बीडहून, सोलापूरहून आलेली, व्हरांड्यात चटईवर पडलेली माणसं. केसपेपर हातात, तो वाचता येत नाही, कुठली खिडकी ते कळत नाही. मी एकदा बरोबर होतो. एक बाई भिंतीला टेकून बसली होती. मी लगेच “काय झालं, कोण आहे आत?” सुरू केलं. काकूंनी माझ्या पायावर चापट मारली. शेजारी बसल्या, पिशवीतून पोळी-भाजी काढून अर्धी तिच्यापुढे ठेवली, अर्धी स्वतः खाऊ लागल्या. पाऊण तास. मग ती बाई आपण होऊन बोलली.

किल्लारीचा भूकंप झाला ती पहाट अनंत चतुर्दशीनंतरची, 30 सप्टेंबर 1993. आपल्याकडे विसर्जनाचे ढोल अजून वाजत होते. दोन दिवसांत वाड्यात साड्यांचा ढीग लागला. काकू एकेक साडी उजेडात धरून बघायच्या. फाटकी निघाली की बाजूला. “हे पोतेरं आहे, पोतेरं म्हणून द्या. त्यांचं घर पडलंय, अब्रू नाही पडली.” देणाऱ्या बायका दुखावल्या. दुखावू देत.

हे सगळं गोड गोड सांगतोय असं वाटायला नको. काकूंच्या मुलीनं मला परवा एक गोष्ट सांगितली आणि इथं सांगायची परवानगी दिली. तिच्या दहावीच्या पहिल्या पेपरला काकू घरी नव्हत्या. शनिवार होता. मुलगी दह्याची वाटी स्वतःच तोंडाला लावून गेली. “आई सगळ्यांच्या मागं उभी असायची. मला कधी कधी ती पुढं हवी होती.” मी काकूंची बाजू घ्यायला तोंड उघडलं होतं, पण काकूंचीच चापट आठवली आणि ऐकून घेतलं.

भक्तीबद्दल काय बोलू? पालख्या आल्या की वारकऱ्यांच्या तळव्यांना तेल चोळायच्या, आणि चोळता चोळता भेगा बघून चपलेवरून रागवायच्याही. पंढरपूरला मात्र आयुष्यात दोनदाच गेल्या.

असो. वेळ झाली, भजन सुरू करायचंय. आज तीच पेटी आणली आहे. मुलीनं ती मंडळाला दिली. आज साथीला नवीन मुलगी बसतेय, तिच्यासाठी दोन शब्द. बाळ, भाता उजवीकडे थोडा गळतो, हात जास्त लागेल. आणि काळी दोन अडेल. घाबरू नकोस, अंगठ्याचं नख खालून घाल.