पाकीट तुमच्यासमोर उघडू दे

श्रोतेहो, नमस्कार. मी दातांची डॉक्टर. बेळगावात, शहापूर भागात माझा दवाखाना आहे. उचगाव-येळ्ळूरपासून पार जांबोटी-कणकुंबीपर्यंतची माणसं माझ्याकडे येतात. दात कसे घासावेत हे तुम्ही रेडिओवर पुष्कळदा ऐकलंय, ते मी आज सांगणार नाही. एक पेशंट खुर्चीवरून उठून गेला आणि दुसरा बसायचा आहे, त्या मधल्या वेळात दवाखान्यात काय व्हायला पाहिजे, ते सांगायला आले आहे. तुमची सुरक्षितता त्या मधल्या वेळात ठरते, आणि नेमकं तेच तुम्हाला बाहेरच्या बाकावरून दिसत नाही.

जुलै महिन्यातली गोष्ट. पाऊस धो धो. जांबोटीकडचे एक आजोबा सकाळच्या एसटीनं दाढ काढायला आले होते. आमचं ऑटोक्लेव्ह चालू होतं. ऑटोक्लेव्ह म्हणजे हत्यारं निर्जंतुक करणारा मोठा प्रेशर कुकरच समजा. त्यात 121 अंश तापमानाच्या वाफेत, दाबाखाली, कागदी पाकिटात बंद केलेली हत्यारं किमान 15 मिनिटं राहायला हवीत. ही 15 मिनिटं मोजायची ती तापमान 121 वर पोचल्यापासून, बटण दाबल्यापासून नव्हे. त्या दिवशी नवव्या मिनिटाला लाइट गेली. इन्व्हर्टरवर दिवे आणि पंखे चालतात, ऑटोक्लेव्ह चालत नाही. थोड्या वेळानं झाकण उघडलं तर पाकिटांवरच्या पट्टीच्या रेघा काळ्या झालेल्या. आमची नवी मुलगी म्हणाली, "मॅडम, पट्टी काळी झालीय. काढू काय?"

पट्टी खोटं बोलत नाही, पण तिला एवढंच कळतं की पाकिटाला आंच लागली. किती मिनिटं लागली, आत वाफ पोचली का, हे तिला ठाऊक नसतं. किती मिनिटं ते वहीला ठाऊक होतं, कारण ऑटोक्लेव्हच्या वहीत वेळ लिहिली होती. ती नऊ मिनिटांची पाकिटं सगळीच्या सगळी परत भट्टीला लावायची ठरली, आणि दाढ काढायचा दुसरा सेट कपाटात शिल्लक नव्हता. आजोबांना दुखणं कमी व्हायची गोळी देऊन परत पाठवावं लागलं. भिजत आलेला माणूस भिजत गेला. त्या दिवशी मला फार लागलं, पण चुकलं कुठे हेही कळलं. चूक लाइटची नव्हती. मी हत्यारं मोजून घेतली नव्हती, ही चूक होती.

हा हिशेब दवाखाना चालवणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनी जरूर मांडावा. वापरलेला सेट धुवायचा, पुसायचा, पाकिटात भरायचा, वाफेतून काढायचा, वाळवायचा, गार करायचा. यात दीड तास सहज जातो. तेवढ्या वेळात तुम्ही चार पेशंट बघत असाल, तर चार सेट वापरात आणि चार भट्टीत, म्हणजे आठ तरी हवेत. लाइट जाणाऱ्या गावात आणखी चार. आम्ही आता बारा ठेवतो. सेट कमी असले की बाजाराच्या दिवशी बाहेर वीस माणसं बसलेली असताना चांगल्या माणसाचाही हात स्पिरिटच्या बोळ्याकडे वळतो. पुसलं, झालं, पुढचा या. नुसत्या चांगल्या मनावर गर्दीत भागत नाही. कपाटात पाकीट असावं लागतं.

आणि स्पिरिटनं पुसणं म्हणजे निर्जंतुक करणं नव्हे. बी प्रकारच्या काविळीचा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागातही सात दिवस तग धरू शकतो. "पाण्यात उकळून घेतलंय" असंही अजून ऐकू येतं. साधं पाणी 100 अंशाला उकळतं, आणि काही जिवाणूंचे कवचात दडलेले बीजाणू तेवढ्यानं मरत नाहीत. दाबाखालची वाफ लागते ती त्यासाठीच. तीही हत्यार आधी स्वच्छ घासलेलं असेल तरच कामाची. चिमट्याच्या दात्यांत रक्त सुकून बसलं असेल तर त्या थराखाली वाफ पोचतच नाही. पाकिटं एकावर एक कोंबली तरी तेच. आपल्याकडच्या पावसाळ्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. ओलं पाकीट कपाटात ठेवायचं नाही, कारण ओल्या कागदातून जंतू आत शिरतात.

यंत्र खरंच काम करतंय का, हे बघायची चाचणी आहे. उष्णतेला अतिशय चिवट असलेले बीजाणू लावलेली कागदाची पट्टी आत ठेवायची आणि नंतर ते वाढतात का बघायचं. वाढले, तर यंत्र बिघडलंय. ही चाचणी आठवड्यातून एकदा व्हावी.

दात कोरायचं ते गुंई गुंई करणारं हत्यार, त्याचीही हीच गत. थांबताना ते तोंडातली लाळ थोडी आत ओढून घेतं, म्हणून वरून पुसून भागत नाही. प्रत्येक पेशंटनंतर तेही वाफेत गेलं पाहिजे. त्याच्या नळीतलं पाणी सकाळी दोन मिनिटं आणि दोन पेशंटच्या मध्ये वीस-तीस सेकंद वाहू द्यायचं.

आता सुया. वापरलेल्या सुईला दोन्ही हातांनी टोपण लावायला गेलं की बोटात शिरते. टोपण ट्रेमध्ये ठेवून एकाच हातानं सुई त्यात सरकवायची, आणि मग ती जाड पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात टाकायची. 2016 च्या नियमांत दवाखान्याच्या कचऱ्याचे रंग ठरवून दिलेत. रक्ताचा कापूस आणि काढलेला दात पिवळ्या पिशवीत, वापरलेले ग्लोव्हज लाल पिशवीत. साध्या कचऱ्यात सुई गेली तर ती गल्लीत कचरा उचलायला येणाऱ्या माणसाच्या हातात शिरते. त्याला तर माहीतही नसतं ती कुणाच्या तोंडातली. दवाखान्यात काम करणाऱ्या प्रत्येकाला, झाडू मारणाऱ्या मावशींनाही, बी प्रकारच्या काविळीच्या लसीचे तीन डोस मिळाले पाहिजेत. आज एक, महिन्यानं दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. खर्च डॉक्टरनं करायचा.

एक गोष्ट मात्र तुमच्या हातात आहे. आम्ही विचारतो, "काही आजार आहे का?" तुम्ही म्हणता, "काही नाही." दाढ काढल्यावर रक्त थांबत नाही, तेव्हा कळतं की रोज रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. एक काका मला म्हणाले होते, "गोळी खातोय की, मग आजार कसला?" त्यांचंही खरंच होतं. प्रश्न माझा चुकला होता. तेव्हापासून मी विचारते, "रोज कुठली गोळी घेता? पुडी दाखवा." मराठीत विचारते, कन्नडमध्येही विचारते, कारण आपल्याकडे एकाच घरातली सासू एका भाषेत दुखणं सांगते आणि सून दुसऱ्या. तर येताना गोळ्यांची पुडी पिशवीत टाकून आणा. आणि ती गोळी आपल्या मनानं बंद करून येऊ नका. ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरवायचं असतं.

आणखी एक विचारा. खुर्चीवर बसलात की म्हणा, "डॉक्टर, पाकीट माझ्यासमोर उघडा." त्यावर तारीख असावी, ते कोरडं असावं, फाटलेलं नसावं. डॉक्टरांना राग येईल, अशी शंका मनात आणू नका. ज्यानं काम नीट केलंय त्याला ते दाखवायला आवडतं.

जांबोटीचे ते आजोबा पुढच्या आठवड्यात परत आले. छत्री दाराशी उभी केली आणि बसायच्या आधी आमच्या त्या नव्या मुलीला विचारलं, "आज लाइट हाय न्हवं, बाई?" तिनं वही उघडून त्यांना सकाळची वेळ दाखवली, कपाटातून कोरडं पाकीट आणलं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर टर्रकन फाडलं.