पाटी काढली, बिऱ्हाड आतच : डिलीट केलेल्या फाइलीचं काय होतं?

हा पेन ड्राइव्ह बघा. काल रात्री यात ४० फोटो टाकले, सगळे निवडले आणि शिफ्ट धरून डिलीट दाबलं. आत्ता उघडला तर रिकामा. आता यावर फोटोरेक चालवतो, म्हणजे डिलीट झालेल्या फाइली शोधून परत आणणारं सॉफ्टवेअर. फुकट मिळतं, कुणीही उतरवून घेऊ शकतं.

(स्क्रीन: काळी खिडकी, आकडा वाढतोय)

सदतीस... अडतीस... झाले ४०. नावं गेली, त्यांच्या जागी 'एफ' आणि पुढे आकडे आलेत. पण फोटो उघडून बघा, जसेच्या तसे.

गंमत अशी की फोटोरेक फाइलींची यादी बघतच नाही. ड्राइव्ह पहिल्यापासून वाचत जातो आणि जेपेग या फोटोच्या फॉरमॅटची सुरुवातीची खूण, म्हणजे हेक्समधले (सोळाच्या पटीत आकडे लिहायच्या पद्धतीतले) एफएफ, डी८, एफएफ हे तीन बाइट दिसले की समजतो, इथे फोटो सुरू झाला. डिलीट दाबल्यावर विंडोजने फक्त यादीत 'ही जागा मोकळी' अशी नोंद केली होती. दारावरची पाटी काढली, बिऱ्हाड आतच.

२००३ साली गार्फिंकेल आणि शेलाट या एमआयटीतल्या दोघांनी १५८ वापरलेल्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या, त्याचा लेख आला. त्यांत ५,००० पेक्षा जास्त क्रेडिट कार्ड नंबर सापडले होते. विकणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना वाटलं असणार, आपण पुसलं की!

मग खरंच पुसायचं कसं? त्या जागेवर दुसरं काहीतरी लिहायचं. इरेझर, एसडिलीट ही सॉफ्टवेअरं हेच करतात. त्यांतल्या काहींमध्ये '३५ वेळा' वरून लिहायचा पर्याय दिसतो. बघूनच भारी वाटतं ना? तो आला संगणक सुरक्षेचे अभ्यासक पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या पेपरमधून. तेव्हाच्या डिस्क वेगवेगळ्या पद्धतींनी डेटा लिहायच्या. त्या सगळ्या पद्धतींना पुरेल अशी ती वरून लिहायच्या ३५ नक्षींची यादी होती, त्यामुळे कुठल्याही एका डिस्कला पूर्ण ३५ कधीच लागत नव्हत्या. लोक याला भुतं पळवायच्या मंत्रासारखं वापरतात, असं पुढे खुद्द गुटमन यांनीच लिहिलं. आजच्या हार्ड डिस्कला एकदा वरून लिहिलं की पुरे. रात्रभर डिस्क घासत बसू नका.

पण हे फिरत्या तबकडीच्या डिस्कचं झालं. तुमच्या लॅपटॉपमध्ये बहुतेक एसएसडी असणार, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, आणि खरी गोची तिथेच आहे.

एसएसडीतला प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच लिहून-पुसून होतो, मग थकतो. म्हणून आतला कंट्रोलर सगळे कप्पे सारखे झिजावेत असं बघतो. तुम्ही सांगता, 'या फाइलीवर शून्यं लिही.' तो 'हो' म्हणतो आणि शून्यं भलत्याच कप्प्यात लिहितो. जुना मजकूर जुन्याच कप्प्यात. सॉफ्टवेअर म्हणतं, काम फत्ते. कुठली जागा आता नको हे एसएसडीला कळवणारी ट्रिम नावाची सोय चालू असेल तर डिलीट केलेलं सहसा परत हाती लागत नाही, हे खरं. पण कुठला कप्पा कधी पुसायचा, ते ती एसएसडी ठरवते, तुम्ही नाही. ॲपलने २०१५ मध्ये मॅकमधून 'सुरक्षितपणे कचरा रिकामा करा' हा पर्यायच काढून टाकला, तो यामुळेच. हमी देता येईना.

म्हणून माझं मत सरळ आहे: एकेक फाइल पुसायच्या सॉफ्टवेअरमागे लागण्यापेक्षा डिस्कच आधी एन्क्रिप्ट करा, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात सगळा डेटा ठेवा. मग कप्प्यात काही उरलंच तर ते किल्लीशिवाय निव्वळ चिवडा. अख्खी डिस्क पुसायची तर किल्ली नष्ट केली की झालं, काही सेकंदांचं काम.

त्यासाठी विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर, मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट, लिनक्सवर लक्स. विंडोज होम असेल तर सेटिंगमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' दिसतंय का बघा. नसेल तर व्हेराक्रिप्ट आहेच.

इथे एक जागा नीट बघा. (स्क्रीन: बिटलॉकरची खिडकी) बिटलॉकर विचारतो, फक्त वापरलेली जागा की पूर्ण ड्राइव्ह? नवाकोरा लॅपटॉप असेल तर पहिला पर्याय चालेल. वापरातल्या मशीनवर 'पूर्ण ड्राइव्ह'च निवडा. पहिल्या पर्यायात 'मोकळी' म्हणवली जाणारी जागा तशीच उघडी राहते, आणि आपले ४० फोटो तर तिथेच होते!

माझाही एक पराक्रम सांगतो. काही कागदपत्रं सेव्हन-झिपमध्ये पासवर्ड घालून बंद केली, मेलने पाठवली, खूश. महिन्याभराने बघतो तर मूळ फाइली त्याच फोल्डरमध्ये, झिपच्या शेजारी! असं एन्क्रिप्शन प्रत घेतं, मूळ फाइल हलवत नाही. शिवाय मी झिप फॉरमॅट ठेवला होता, त्यात पासवर्ड माहीत नसला तरी फाइलींची नावं दिसतात. सेव्हन-झेड फॉरमॅट घेऊन 'फाइलींची नावं एन्क्रिप्ट करा' यावर टिक करावी लागते.

आणि ती रिकव्हरी की, म्हणजे पासवर्ड विसरलात तर डिस्क उघडायची राखीव किल्ली. बिटलॉकरची ४८ आकडी असते. ती त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर सेव्ह केलेली मी पाहिली आहे. म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीतच. कागदावर छापा आणि लॅपटॉपच्या बॅगेत मात्र ठेवू नका. हरवली आणि पासवर्डही विसरलात, तर डेटा गेलाच.

आता हा दुसरा पेन ड्राइव्ह. हा आधी व्हेराक्रिप्टने पूर्ण एन्क्रिप्ट केला, मग तेच ४० फोटो टाकले आणि डिलीट केले. पासवर्ड न देता फोटोरेक लावतो.

(स्क्रीन: आकडा बराच वेळ शून्यावर)

...दोन फाइली मिळाल्या म्हणतोय. उघडून बघू. उघडत नाहीत. विस्कळीत बाइटांमध्ये कुठेतरी ओळखीची खूण योगायोगाने जुळली, एवढंच.