आडा बाजारातली गाय

श्रोतेहो, नमस्कार.

इंदूरकरांना आडा बाजाराची गोष्ट मी सांगायला हवी असं नाही, पण आज ती काढतोच. अहिल्यादेवींचे चिरंजीव मालेराव यांच्या रथाखाली वासरू सापडलं. त्याची आई, ती गाय, तिथंच रस्त्यात बसून राहिली. अहिल्यादेवींना कळलं तेव्हा त्यांनी सुनेला विचारलं, "आईच्या डोळ्यांदेखत तिचं लेकरू मारलं, तर शिक्षा काय?" सून म्हणाली, "मृत्यू." मग मालेरावांना हातपाय बांधून त्याच रस्त्यात टाकलं. रथ हाकायला कुणी पुढं येईना, तेव्हा बाईंनी स्वतः लगाम धरले. आणि तीच गाय रथाला आडवी आली. हाकलली, पुन्हा आडवी आली. म्हणून आडा बाजार.

इतिहास वेगळं सांगतो. मालेराव 1767 साली आजारपणात गेले. पण आमच्या घरी ही गोष्ट देवींचा न्याय किती कडक होता, हे ठसवायला सांगत. मला मात्र तेव्हापासून त्यात गायच दिसत आली. वासरू तिचं गेलं होतं ना?

आज 10 ऑक्टोबर. फाशीच्या शिक्षेविरुद्धचा जागतिक दिवस. 2003 पासून तो पाळतात. ही शिक्षा कायद्यातून जावी म्हणून आम्ही चार-सहा जण या सुमारास दारोदार सह्या मागत फिरतो. बहुतेक घरी पाणी मिळतं, सही मिळत नाही. गेल्या आठवड्यात रामबागेत एका जुन्या घराचा जिना चढलो. काकूंनी चष्मा लावला, कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, घडी घालून माझ्या हातात परत दिला आणि म्हणाल्या, "वकीलसाहेब, 2011 विसरलात?"

कसं विसरेन? आपल्याच शहरात, एका मराठी घरात, तीन पिढ्यांतल्या तिघी बायका चोरीसाठी मारल्या गेल्या. माझ्या दाराची साखळी त्याच महिन्यात बसली. ती अजून आहे, आणि बायको रात्री दोनदा उठून ती बघते. त्या खटल्यात तिघांना फाशी झाली, उच्च न्यायालयानं ती कायम केली. 2022 साली सर्वोच्च न्यायालयानं ती बदलून जन्मठेप दिली, किमान पंचवीस वर्षं आत राहायची. "म्हणजे सुटलेच की," काकू म्हणाल्या. नाही हो. तरुणपणी आत गेलेला माणूस पंचवीस वर्षांनी बाहेर येतो तेव्हा त्याच्या ओळखीचं फारसं कुणी उरलेलं नसतं.

त्या निकालातली एक गोष्ट मला वकील म्हणून फार मोलाची वाटते. आरोपी कुठल्या घरात वाढला, शिकला किती, कमाई काय होती, मनाचं काही दुखणं होतं का, तुरुंगात कसा वागतो, हे सगळं सरकारनंच खालच्या कोर्टापासून न्यायाधीशापुढं ठेवलं पाहिजे, असं न्यायालयानं सांगितलं. फाशी फक्त 'दुर्मिळातल्या दुर्मीळ' गुन्ह्यातच द्यायची, ही कसोटी 1980 पासून आहे. गुन्हा बघायचा आणि गुन्हेगारही बघायचा, असं तेव्हाच ठरलं होतं. प्रत्यक्षात शिक्षेवरचा युक्तिवाद बरेचदा दोषी ठरवल्याच्या दिवशीच उरकतो. मी बघितलंय ते. आरोपीचा वकील उठतो, "गरीब आहे, तरुण आहे, पहिलाच गुन्हा," म्हणतो आणि बसतो. माणसाच्या जिवासाठी तीन वाक्यं.

आणि घाई. 2018 साली राजवाड्याजवळ, उघड्यावर आईबापांशेजारी झोपलेलं तान्हं बाळ उचलून नेलं गेलं. पुढचं बोलवत नाही. साऱ्या शहराचं रक्त उसळलं, माझंही. जेमतेम तीन आठवड्यांत फाशीचा निकाल आला आणि 'याला म्हणतात न्याय' असं आपण म्हणालो. 2023 साली सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला. आरोपीला बचावाची धड संधीच मिळाली नव्हती. खटला पुन्हा पहिल्यापासून चालवा, असा आदेश झाला. घाईनं त्या आईबापांच्या पदरात काय पडलं, सांगा.

काकूंना मी नाशिक जिल्ह्यातला खटलाही सांगितला. भटक्या जमातीतले सहा जण. 2009 साली सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. त्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे पुढं निघालं. 2019 साली त्याच न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष ठरवून सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला लावली. तोवर सोळा वर्षं गेली होती. मधल्या काळात दोर ओढला गेला असता, तर ती भरपाई कुणाच्या हातात ठेवायची होती?

डॉ. आंबेडकर 3 जून 1949 रोजी संविधान सभेत बोलले होते. फाशीच्या प्रत्येक अपिलाची सोय करत बसण्यापेक्षा ही शिक्षाच रद्द करावी, हे मला अधिक पसंत आहे, अशा अर्थाचं.

काकू मग शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या घरातलं कुणी गेलं असतं तर?" मीही फाशीच मागितली असती, असं खरं ते सांगितलं. त्यानं त्यांचं समाधान झालं नाही, माझंही नाही. पण एक गोष्ट मला सुटत नाही. खून करताना त्या माणसाच्या हातात हत्यार होतं. फाशीच्या पहाटे त्याचे हात मागं बांधलेले असतात, आणि त्याला मारणारे आपण असतो, सरकारी शिक्क्यानिशी. जगण्याचा हक्क चांगल्या वागणुकीचं बक्षीस असता, तर त्याला हक्क कशाला म्हटलं असतं?

काकूंनी सही केली नाही. जिना उतरताना वरून आवाज आला, "कागद ठेवून जा. ह्यांना दाखवते." पुन्हा वर चढलो, पायपुसण्याशेजारी कागद ठेवला. पेन मात्र परत आणलं, ते उसनं होतं.

नमस्कार.